अनसिंगच्या वाचकाला दिलेलं उत्तर

अनसिंगला मी बसने गेलो. हे वाक्य खरं आहे. पुण्याहून वाशिमपर्यंत कसा गेलो, ते मात्र त्यात येत नाही. त्या तीन दिवसांतला बराचसा संकोच त्या न सांगितलेल्या भागातून आला, म्हणून तोही इथे लिहितो.

आधी जाण्याचं कारण. मी एका मराठी दैनिकात गाड्यांवरचं साप्ताहिक सदर लिहितो. सदराच्या तळाशी वाचकांच्या प्रश्नांची चौकट असते. दीड वर्षापूर्वी त्या चौकटीत अनसिंगच्या प्रज्ञा इंगोले यांचा प्रश्न छापला होता. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागतं. येताना तिला मागच्या सीटवर आडवं होता यावं म्हणून मोठी गाडी हवी. वडील डिझेल म्हणतात, शोरूमवाले नवीन टर्बो पेट्रोल म्हणतात. काय घ्यावं? मी उत्तर दिलं होतं: ‘नवीन पेट्रोल इंजिन बिनधास्त घ्या. डिझेलचे दिवस संपत आले आहेत.’ त्या आठवड्याची पाचही उत्तरं मी वीस मिनिटांत लिहिली होती.

त्यानंतर प्रज्ञाची तीन पत्रं आली. पहिलं आभाराचं. दुसरं इंजिनातून येणाऱ्या खटखट आवाजाबद्दलचं. ते मी एका फोल्डरमध्ये टाकलं. तिथे त्याच गाडीबद्दलच्या आणखी दोन तक्रारी आधीपासून पडल्या होत्या. आमच्या धंद्यात दोन तक्रारींना योगायोग म्हणतात आणि तिसरी आली की फोन उचलतात. तिसरी आली होती. मी फोन उचलला नाही.

तिसरं पत्र यंदा दिवाळीनंतर आलं. ‘गाडी पातूरच्या घाटात बंद पडली. आई गाडीत होती. कंपनी नवीन इंजिन बसवून देते म्हणते. सोमवारपर्यंत सही द्यायची आहे. द्यावी का? बाबा म्हणतात, ज्यांनी सांगितलं त्यांनाच विचार.’

मी लिहिलं, येतो.

गुरुवार, वाशिम

माझी स्वतःची गाडी अकरा वर्षं जुनी डिझेल आहे. ती विकायचं मनात येतं आणि दर वेळी राहून जातं, कारण ती बंद पडत नाही. सदरात तिचा उल्लेख मी कधी केलेला नाही. पुण्याहून मी तिच्यातूनच निघालो.

महामार्गावर सांगण्यासारखं काही घडलं नाही. वाशिम जिल्ह्यात शिरल्यावर रस्ता लहान झाला आणि दोन्ही बाजूंना तूर लागली, पिवळ्या फुलांनी भरलेली. सोयाबीन निघून गेलं होतं. मोकळ्या झालेल्या काळ्या रानात हरभऱ्याच्या ओळी नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. मालेगावच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. आलूपोहे मागितले, तर वर शेव, कच्चा कांदा आणि न विचारता रश्शाचा एक डाव पडला. पुण्यात पोहे कोरडे खातात, असं मी टपरीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “मंग घशाखाली कसे जातेत?”

वाशिमला बसस्थानकाजवळच्या लॉजच्या मागच्या आवारात गाडी लावली. दुसऱ्या दिवशी अनसिंगला तिच्यातून जाऊन इंगोल्यांच्या दारात ती उभी करायची, हे चित्र रिसेप्शनच्या वहीत सही करताना डोळ्यांपुढे आलं. सकाळी बस किती वाजता आहे, ते मी मॅनेजरला विचारून घेतलं.

शुक्रवार, अनसिंग

बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने कुठे उतरणार, कोणाकडे जाणार, जेवायला थांबणार की नाही, हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत काढून घेतलं. इंगोल्यांचं नाव ऐकल्यावर म्हणाला, “उत्तम डायवर? त्याची ते नवी गाडी बसली न. लय मोठी गाडी. म्या म्हनलं व्हतं त्याले, थे बोलत बी नाई अन् हालत बी नाई, इंजन हाये का देव हाये?” पुढच्या सीटवरची बाई हसली. मीही हसलो.

उत्तमराव इंगोले थांब्यावर उभे होते. बासष्टचे असावेत. एसटीत तेहेतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांनी “जयभीम” केला, मी केला, आणि मग त्यांनी माझ्या मागे बसकडे पाहिलं.

“यष्टीनं आले?”

“हो.”

“पुण्याहून यष्टीनं!” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “पाहा बरं. एवढा मोठा मानूस.”

या क्षणी दुरुस्ती करता आली असती. ‘वाशिमहून’ एवढा एकच शब्द पुरला असता. मी तो उच्चारला नाही. घरापर्यंतच्या वाटेत त्यांनी चार जणांना थांबवून सांगितलं, “हे पेपरवाले साहेब, पुण्याहून यष्टीनं आले.” चौघांनीही मान डोलावली.

घर रस्त्यालगत, दोन खोल्या पुढे आणि स्वयंपाकघर मागे. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पलंगावर सुमनबाई. प्रज्ञा गावातल्या शाळेत शिक्षिका आहे. त्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मी बसलो, ऊन लागलं होतं, म्हणून पाणी मागितलं. खोलीत क्षणभर कोणी हललं नाही. मग प्रज्ञाने तांब्या आणून दिला आणि मी तो बसल्या जागीच संपवला.

नंतर कळलं की सुमनबाईंना दिवसाला पाण्याच्या एका बाटलीचीच परवानगी आहे. बाटलीवर पेनाने रेघा मारलेल्या आहेत. त्यांच्या समोर या घरात कोणी पाणी पीत नाही. बाकीचे स्वयंपाकघरात जाऊन पितात, जेवतानासुद्धा. शेजाऱ्यांनाही हे माहीत आहे. मी तांब्या खाली ठेवला तेव्हा सुमनबाई एवढंच म्हणाल्या, “थंड व्हतं का? माठ नवा हाये.”

जेवायला रोडगे केले होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजून, फोडून, त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. सुमनबाईंच्या ताटात बिनमिठाची वेगळी भाजी आणि अर्धी पोळी होती. उत्तमराव माझ्या ताटात रोडगा टाकत होते आणि मी नको म्हणत होतो. “पुन्यात काय एकच खातेत?” सुमनबाईंनी विचारलं. मी तीन खाल्ले.

जेवण झाल्यावर उत्तमरावांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं माझं कात्रण काढलं. एक नाही, दोन होती. चौकटीतलं उत्तर, आणि त्याच गाडीवरचा माझा आधीचा लेख. लेखातल्या एका वाक्याखाली त्यांनी रेघ मारली होती. ते वाक्य असं होतं: ‘इंजिन ऑइल पाहण्यासाठी पट्टी ओढून काढायची कटकट इथे नाही, पडदाच सर्व सांगतो. बॉनेट उघडायची गरजच उरलेली नाही.’

“साहेब, तेहेतीस वर्सं रोज सकाळी गेज काढून पायलं,” ते म्हणाले. गेज म्हणजे तीच तेल मोजायची पट्टी. “तेलाची पातळी पाहाची, दोन बोटांत तेल चोळाचं. काळं झालं का, चरचर लागते का. ही गाडी घरी आली अन् दुसऱ्या दिवशी म्या बॉनेट खोललं. गेजच नाई. मले वाटलं, बसवाचंच रायलं.”

“मग?”

“प्रज्ञा म्हने, बाबा, पेपरात आलं हाये, आता लागत नाई. म्या म्हनलं, आता आपलं वय झालं.”

प्रज्ञा म्हणाली, “मी पोरांना रोज परिपाठात पेपर वाचायला लावते, सर. म्हणते, छापून आलेलं नीट वाचा.” ती आवाज न चढवता बोलत होती. मी वहीत लिहीत राहिलो. ती वही आता पाहतो तर त्या पानावर फक्त ‘गेज नाही’ असं तीनदा लिहिलेलं आहे.

दुपारी उत्तमराव आणि मी बसने वाशिमला आलो. गाडी तिथे रऊफभाईंच्या गॅरेजच्या आवारात होती. स्थानकावरून तिकडे जायला लॉजच्या मागचीच गल्ली जवळची होती. मी चहा पिऊ म्हणून त्यांना दुसऱ्या बाजूने नेलं.

रऊफभाई डिझेल पंपांचे जुने कारागीर आहेत. कंपनीचा माणूस येऊन तेल काढून, तेलाचा फिल्टर बदलून आणि इंजिनाला हात न लावण्याची ताकीद देऊन गेला होता. काढलेला फिल्टर त्याने भंगारात टाकला. रऊफभाईंनी तो उचलून आतला घडीचा कागद कापून ठेवला होता. तो त्यांनी उन्हात, जुन्या वर्तमानपत्रावर पसरला. घड्यांमध्ये सोनेरी-राखाडी कण होते, लग्नातल्या चमकीसारखे.

“आता पाहा.” त्यांनी लोहचुंबक फिरवलं. “चिटकत नाई. मंजे लोखंड नाई, बेरिंगचा नरम धातू हाये. हे इंजन सोताच सोताले खाऊन राह्यलं व्हतं.”

“वापरात काही चूक झाली असेल का?”

“उत्तमभाऊच्या हातून?” रऊफभाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “साहेब, डिझेलले बिमारी झाली तं ते आधी खोकलते, धूर देते, मानसाले टाइम देते. हे तं सीधा इंतकाल.” मग विचारलं, “तुमी गाड्यायवर लिवता न? मंग तुमची खुदची कोनती हाये?”

“ऑफिसच्या बदलत्या असतात,” मी म्हणालो.

“साहेब यष्टीनं आले,” उत्तमराव म्हणाले.

रऊफभाईंनी लोहचुंबक खिशात टाकलं. कापलेला फिल्टर त्यांनी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून उत्तमरावांना दिला. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. बाबांनी आईला फिल्टर दाखवला, आई म्हणाली, “म्हंजे गाडीले बी माह्यासारखंच व्हय. गाळनी गेली.” प्रज्ञा हसत सांगत होती. मग म्हणाली, “सर, सहीचं काय ते तुम्ही उद्या सांगाल ना?”

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. प्रज्ञाच्या प्रश्नाला उत्तर लिहिण्याच्या सहा आठवडे आधी त्या कंपनीतला एक इंजिनिअर माझ्याशी बोलला होता. आमची जुनी ओळख आहे. तो म्हणाला होता की बेअरिंगमध्ये गडबड आहे, कारखान्यात साफसफाई नीट न झाल्याने धातूचा कचरा आत राहतोय, आणि पुढच्या लॉटमध्ये ती पूर्ण गेली असं तो म्हणणार नाही. ‘हे तुझ्या-माझ्यात.’ आमच्या धंद्यात असा शब्द पाळतात. मी पाळला. शब्द पाळायचा म्हणून ‘घेऊ नका’ लिहिता येत नव्हतं, हे खरं. ‘बिनधास्त घ्या’ लिहिण्याची सक्तीही कोणी केली नव्हती.

योग्य उत्तर अवघड नव्हतं. दर खेपेला जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर, घाट, भरलेली गाडी, सलग पळणं. शहरातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत नवीन डिझेलच्या धुराची गाळणी चोंदते, तिथे पेट्रोल बरं. इंगोल्यांच्या वापराला मात्र डिझेलच. हे उत्तमरावांना माझं सदर न वाचता माहीत होतं.

शनिवार, अकोल्याचा रस्ता

सकाळी साडेसहाला पुन्हा प्रज्ञाचा फोन. गाडी बंद पडल्यापासून इंगोले ठरवत होते ती भाड्याची जीप लग्नाच्या वऱ्हाडाला निघून गेली होती. सुमनबाईंची डायलिसिसची पाळी अकराची. “सर, तुम्ही वाशिमलाच आहात, तर तिथून एखादी गाडी ठरवून पाठवता का? आईला बसने जमणार नाही.”

मी लॉजच्या मॅनेजरला विचारलं. त्याच्या ओळखीची एक गाडी नऊला मोकळी होणार होती. नऊला निघून अनसिंग आणि तिथून अकोला जमत नव्हतं. मी आणखी दोन ठिकाणी फोन केले. हे सगळं करताना माझ्या गाडीची किल्ली टेबलावर होती. मॅनेजर शेवटी म्हणाला, “साहेब, तुमची मांगं उभी हाये न?”

पाऊण तासाने मी इंगोल्यांच्या दारात गाडी उभी केली. उत्तमराव बाहेर आले. त्यांनी आधी पुण्याची नंबर प्लेट पाहिली. मग चालू इंजिनाचा आवाज ऐकत गाडीभोवती एक चक्कर मारली.

“कोनाची हाये?”

“माझी.”

“डिझेल.” हा प्रश्न नव्हता.

“हो. मी पुण्याहून हिच्यातूनच आलो. वाशिमला ठेवली होती.”

त्यांनी मान हलवली. “बंद करा. बॉनेट खोला.” त्यांनी गेज काढलं, रुमालाने पुसलं, परत घालून काढलं, उजेडात धरलं, तेल बोटांत चोळलं. “चांगलं ठेवलं हाये,” ते म्हणाले. “किल्ली द्या. मी चालवतो.”

मी शेजारी बसलो. मागे सुमनबाई प्रज्ञाच्या मांडीवर डोकं ठेवून. वाशिम, मालेगाव मागे पडलं. मेडशी सोडल्यावर सागाची झाडं सुरू झाली, घाट लागला. उत्तमरावांनी गिअर उतरवला आणि एका वळणावर गाडी सावकाश केली.

“इथंच,” ते म्हणाले. “पडद्यावर तेलाचा लाल दिवा अन् लगेच खडाक. पुढचं चाकसुद्धा बाजूले घेता आलं नाई. हिले त्या झाडाखाली निजवलं. एका ट्रकवाल्यानं अकोल्याले नेलं, केबिनमंधी.”

“चढता येऊन नाई राह्यलं व्हतं मले,” सुमनबाई मागून म्हणाल्या. “दोघायनं पोत्यावानी वर टाकलं.”

“उशीर झाला होता?” मी विचारलं.

“पाळी गेली,” प्रज्ञा म्हणाली. “दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. पाणी छातीत चढलं होतं.” मग थेट विचारलं, “सर, नवीन इंजिन घ्यायचं का?”

“नाही,” मी म्हणालो. “सही करू नका. नवीन इंजिनातही तोच दोष असू शकतो. कंपनीतल्याच माणसाने मला सांगितलं आहे.”

“कधी?”

मी सांगितलं. तिला हिशोब करायला वेळ लागला नाही.

“म्हणजे माझा प्रश्न छापला त्याच्या आधी.”

“हो.”

आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ती खिडकीबाहेर पाहत होती. घाट संपून पातूर येईपर्यंत मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा जे सुचलं ते स्पष्टीकरण होतं.

पातूरच्या पुढे सुमनबाई म्हणाल्या, “साहेब, रोडगे पचले का?”

“पचले.”

“मंग झालं.”

आम्ही अकराला दहा मिनिटं असताना पोचलो. त्यांना आत नेल्यावर उत्तमराव आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. चार तास तिथेच होतो. ते अधूनमधून एसटीच्या गोष्टी सांगत होते: कोणत्या डेपोचं इंजिन कसं बोलायचं, किन्हीराजाच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर कशी न्यायची. गाडीबद्दल एकदाच बोलले. सही देणार नाही, जी किंमत येईल त्या किमतीला ती विकून डिझेल घेणार, नुकसान होईल ते होईल. “प्रज्ञा सोताले दोष देऊन राह्यली महिनाभर,” ते म्हणाले. “तिनं हट्ट केला म्हनून. जेवत नव्हती पोरगी. तुमी तिच्यासमोर सांगतलं, हे बरं केलं.”

मी म्हणालो, “तुमचंच बरोबर होतं.”

“थे मले तवाच मालूम व्हतं,” ते म्हणाले. “मी काहून आयकलं, ह्याचंच वाईट वाटते.”

पुण्यात

परतल्यावर हे सगळं लिहिलं आणि छापायला देण्याआधी उत्तमरावांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. पाण्याच्या तांब्याचा भाग आला तेव्हा मागून सुमनबाईंचा आवाज आला, “थे कायले लिवलं? पाहुन्यानं पानी मांगू नाई का?” मी शेवटपर्यंत वाचलं.

मग उत्तमराव म्हणाले, “गाडीचं नाव आयकू नाई आलं मले. कंपनीचं बी.”

मी सांगितलं की ते घालता येत नाही. वकिलांचं म्हणणं आहे की तीन पत्रं आणि एक कापलेला फिल्टर हा पुरावा होत नाही. कंपनीला प्रश्न पाठवले आहेत, उत्तर आलेलं नाही.

“अन् त्या इंजिनेरचं?”

“त्याचंही नाही. त्याला शब्द दिला होता.”

“आमचं तं हाये,” ते म्हणाले. “माह्यं, सुमनचं, प्रज्ञाचं. गावाचं बी.”

“तुमची नावं काढू का?”

“राहू द्या,” उत्तमराव म्हणाले. “आमाले काय लपवाचं हाये?”